निरोपाच्या जेवणाचा तक्ता

माणूस एकटा जेवू शकतो. दोघं भांडत का होईना जेवू शकतात. तिसरा आला की जेवण हा निर्णय होतो आणि बारा जण झाले की प्रकल्प. हे सत्य मानवजातीला फार पूर्वी कळलं असणार. पण ते रीतसर नोंदवून ठेवण्याचं काम मात्र संगणकाच्या धंद्यातल्या मंडळींनीच केलं. बाकीच्या धंद्यांतले लोक भूक लागली की जेवतात. शिंपी जेवतात, दातांचे डॉक्टर जेवतात, वकील तर समोरच्या पक्षाच्या वकिलाबरोबरही जेवतात. यामागे कसलीही कार्यपद्धती नसते, कुठे नोंद नसते, आणि झालेल्या चुकांमधून कोणी काही शिकतही नाही. (दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ठिकाणी जाऊन बसतात.)

असल्या बेशिस्तीला आळा घालणाऱ्या मोजक्या माणसांत तक्तेसाहेबांची गणना करावी लागेल. हे त्यांचं आडनाव नव्हे. एका संगणक कंपनीच्या पाचव्या मजल्यावरच्या टीमचे ते प्रमुख, आणि दिसेल त्या गोष्टीचा तक्ता करायच्या त्यांच्या सवयीमुळे टीमने हे नाव त्यांना बहाल केलं होतं. त्यांनाही ते मनातून आवडायचं. लग्नाआधी त्यांनी सांगून आलेल्या मुलींचा तक्ता केला होता. (हे बायकोला सातव्या वर्षी कळलं. तिने तो मागून घेतला, 'विनोदबुद्धी' या रकान्यात स्वतःला दहापैकी सहा गुण पाहिले, आणि महिनाभर घरात एकही विनोद केला नाही.)

टीममध्ये तक्तेसाहेब धरून अकरा जण होते आणि बारावे काका. काकांना वेगळं मोजायची पद्धत कोणी मुद्दाम पाडली नव्हती. ते जुनी प्रणाली सांभाळायचे. ही प्रणाली इतकी जुनी होती की ती कशी चालते हे फक्त काकांना ठाऊक होतं आणि ती चालते हे बाकीच्यांना ठाऊकच नव्हतं. ज्या गोष्टी बंद पडतात त्यांच्याकडेच ऑफिसात लक्ष जातं, आणि काकांची प्रणाली बावीस वर्षांत दोनदाच बंद पडली होती. त्यातली एक वेळ तक्तेसाहेबांची.

ती अशी. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात, तक्तेसाहेबांनी एका ग्राहकाची नोंद पुसण्यासाठी एक ओळ लिहिली. कोणत्या ग्राहकाची, ते लिहायचं राहिलं. त्यामुळे सगळेच ग्राहक पुसले गेले. काका खुर्ची सरकवत आले, पडद्याकडे बघितलं, म्हणाले, "हात वर कर. आता कशालाही हात लावू नकोस." मग वरच्या साहेबांकडे जाऊन "माझ्याकडून झालं" असं सांगून आले, चार तास बसून सगळे ग्राहक एकेक करून परत आणले, आणि तक्तेसाहेबांना खाली कँटीनमध्ये नेऊन गरम सूप पाजलं. हा विषय पुढे काकांनी कधीही काढला नाही. तक्तेसाहेबांनी वडिलांच्या खालोखाल कोणावर जीव लावला असेल तर या माणसावर.

असे काका निवृत्त होणार होते. तीन आठवडे उरले होते, तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार शेवटचा दिवस. टीमतर्फे त्यांना निरोपाचं जेवण द्यायचं ठरलं आणि जबाबदारी तक्तेसाहेबांनी आपण होऊन अंगावर घेतली. हे जेवण असं झालं पाहिजे की काकांनी नाव काढावं, हे त्यांच्या मनाने घेतलं. त्या माणसाचं ऋण फेडायची एवढीच एक संधी होती, आणि ती चुकून चालणार नव्हती.

इथे टीमच्या जेवणाविषयी थोडी माहिती देणं उचित होईल. टीममधली अकराही माणसं रोज डब्यांतून मागवलेलं जेवण आपापल्या पडद्यासमोर, कानात हेडफोन घालून जेवत. हात रिकामा राहू नये म्हणून डावा हात माउसवर असे. (टीममधल्या डावखुऱ्या टेस्टरचा उजवा.) मागच्या वर्षभरात टीमचे दोन किंवा अधिक सदस्य एका टेबलावर बसून जेवल्याच्या घटना एकूण तीन. त्यांपैकी दोन वीज गेल्यामुळे आणि एक आगीच्या सरावामुळे, इमारतीबाहेरच्या कट्ट्यावर. काका मात्र रोज बारा चाळीसला उठत, "मी खाली जातो रे, येतंय का कोणी?" असं विचारत, कोणी येत नसे, आणि ते एकटेच तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये जाऊन खिडकीशेजारच्या टेबलावर सूप, पाव आणि ऑम्लेट खाऊन एक वीसला परत येत. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी साधारण पाच हजार वेळा विचारला असावा. त्यांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी.

तक्तेसाहेबांनी पहिल्याच दिवशी, कार्यपद्धतीला सोडून, काकांना सरळ विचारलं, "काका, कुठे जेवायचं? तुम्ही सांगाल तिथे."

"अरे कशाला उगाच लांब?" काका म्हणाले. "खालीच बसू या की सगळे. मावशींना सांगतो टेबलं जोडून द्यायला. तुम्ही सगळे एकदा खाली आलात ना, बास झालं. माझी तेवढीच इच्छा आहे बघ."

तक्तेसाहेबांना गहिवरून आलं. त्यांनी जागेवर येऊन नवा तक्ता उघडला आणि पहिल्या ओळीत 'कँटीन (सुचवणारे : काका)' अशी नोंद केली.

मग निकष ठरले. प्रमुख पाहुण्याचा मान राहावा, उगाच कुठल्यातरी टुकार जागी त्याला नेलं असं होऊ नये, म्हणून ते कडक ठेवणं भाग होतं :

एक. जागेला ॲपवर किमान ४.३ स्टार हवेत.
दोन. अभिप्राय किमान तीनशे हवेत. (कमी अभिप्रायांचे स्टार मालकाच्या मेव्हण्याने दिलेले असू शकतात.)
तीन. 'सर्व्हिस स्लो आहे' असं म्हणणारे शंभरात चारपेक्षा जास्त नकोत.
चार. बाराजणांचं सलग टेबल. जोडलेलं चालणार नाही. जोडावर बसणाऱ्याची ताटली कलते.
पाच. टीममधल्या डाएटवाल्याला खाता येईल असं काहीतरी. (हा निकष पुढे 'डाएटवाल्याला बघता येईल असं काहीतरी' इतका सैल करण्यात आला.)

शहरातली सहाशे चौदा खाण्याची ठिकाणं तक्त्यात ओढून आणली गेली आणि त्यांना ही चाळण लावली. एका क्षणात सत्तावीस उरली. गळालेल्यांत पहिली ओळही होती, कारण कँटीनला ॲपवर अभिप्रायच नव्हता. एकही नाही. बावीस वर्षं तिथे रोज जेवणाऱ्या माणसाला अभिप्राय लिहायचं सुचलं नव्हतं, याला कोण काय करणार! ओळ गळाली हे तक्तेसाहेबांच्या लक्षात आलं, नाही असं नाही. क्षणभर त्यांचा हात थांबला. पण एका जागेसाठी निकष वाकवायचे तर मग निकष ठेवायचे कशाला, हा प्रश्न तत्त्वाचा होता. आणि काका बिचारे भिडस्त, खर्चात पाडायला नको म्हणून कँटीन म्हणाले असणार. त्यांना खरं तर चांगलं काहीतरी हवं असेल, हे त्यांना न विचारताच उमगण्यात जास्त प्रेम होतं.

सत्तावीस जागांचा विचार करायला समिती नेमली गेली. समितीत अकराही जण होते. (टेस्टरने विचारलं, मग हिला समिती का म्हणायचं, टीमच आहे ना? त्यावर समितीच्या बैठकीचं इतिवृत्त ठेवलं जातं, हा फरक त्याला समजावून सांगण्यात आला.) काकांना मतदानातून वगळावं लागलं. जेवण त्यांच्यासाठीच असल्याने त्यांचा त्यात हितसंबंध होता.

पहिल्या बैठकीत सत्तावीसच्या एकोणीस झाल्या. दुसऱ्या बैठकीत डेटाबेसवालीने आवाजाचा मुद्दा काढला. बाहेर खायला गेलं की गोंगाटात काकांचं बोलणं ऐकू येणार नाही, म्हणाली. मुद्दा रास्त होता. तिला आणि टेस्टरला एकोणीस ठिकाणी जाऊन आवाज मोजून यायला सांगितलं. दोघं चार दिवस दुपारी बाहेर होते, फार मन लावून काम केलं त्यांनी, आणि अहवालात दोघांचं वजन सव्वा किलोने वाढल्याचं परिशिष्टही जोडलं. तिसऱ्या बैठकीत मतदान झालं. नवव्या मजल्यावरच्या काचेच्या हॉटेलाला पाच मतं, तळ्याकाठच्या बागेतल्या हॉटेलाला पाच, डाएटवाला तटस्थ. घोडं अडलं ते तिथे. फेरमतदानाचाही तोच निकाल. तेव्हा डाएटवाल्याचं मन वळवायला दोन्ही पक्षांची शिष्टमंडळं त्याच्या टेबलाशी जाऊ लागली आणि आयुष्यात प्रथमच आपल्याला कोणीतरी विचारतंय हे पाहून तो माणूस इतका खुलला की त्याने निर्णय आठवडाभर लांबवला.

घरी बायको हे सगळं ऐकायची. ती दातांची डॉक्टर असल्यामुळे समोरचा माणूस आ वासून बसला आहे आणि आपण बोलतोय, याची तिला सवय. पण नवऱ्यापुढे तिला ऐकून घ्यावं लागे.

"तुझे काका काय म्हणतात?" तिने एकदा विचारलं.

"ते कँटीन म्हणत होते."

"मग?"

"अगं, तिला एकही स्टार नाही."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांची यादी काढून वाचत बसली. तिचे रुग्ण निदान दुखतंय तिथे बोट ठेवत.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी डाएटवाल्याने नवव्या मजल्याच्या बाजूने कौल दिला. ४.६ स्टार, दोन हजार एकशे चाळीस अभिप्राय, सलग टेबल, आवाज माफक. पाचव्या मजल्यावर टाळ्या वाजल्या. तक्तेसाहेबांनी ताबडतोब टेबल राखून ठेवायला ॲप उघडलं, तर शुक्रवार भरलेला. शनिवार भरलेला, रविवारही. बाराजणांचं सलग टेबल थेट सोमवारी दुपारी एक वाजता मिळत होतं.

आता प्रश्न असा, की काका शुक्रवारी जाणार. यावर गुरुवारी विशेष बैठक झाली. दोन पर्याय होते : जागा बदलायची, किंवा दिवस. जागा तीन आठवडे, पाच बैठका आणि दोन माणसांचं सव्वा सव्वा किलो वजन खर्चून ठरली होती. दिवस काय, कॅलेंडरने दिलेला. अर्थात दिवस बदलला. 'निरोप जाण्यापूर्वीच दिला पाहिजे असा नियम कुठे आहे?' हा डेटाबेसवालीचा प्रश्न निरुत्तर करणारा होता. शिवाय काकांना सोमवारचं आधी सांगायचं नाही, चकित करायचं, असंही सर्वानुमते ठरलं. एका माणसाला सुखद धक्का देण्याच्या कल्पनेने अकरा जणांचे चेहरे उजळले.

शुक्रवारी बारा वाजता तपशिलांसाठी शेवटची बैठक बसली. बारा चाळीसला काकांनी काचेचं दार किंचित उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"मी खाली जातो रे," ते म्हणाले. "या तुम्ही."

"आलोच काका, पाच मिनिटांत," तक्तेसाहेब म्हणाले.

संगणकाच्या धंद्यात 'पाच मिनिटं' हे वेळेचं माप नाही, तो एक शिष्टाचार आहे. बैठकीत सोमवारी सूप आधी आणायचं की सगळ्यांबरोबर, हा विषय चालू होता आणि तो अडीचला मिटला. तोवर प्रत्येकाचा डबा येऊन टेबलावर गार झाला होता. सगळ्यांनी आपापल्या पडद्यासमोर बसून तो संपवला. दोन एक्केचाळीसला तक्तेसाहेबांनी सोमवारचं आमंत्रण कॅलेंडरमधून काकांना पाठवलं. लगेच 'स्वीकारलं' असं उत्तर आलं. काकांनी फार वर्षांपूर्वी आपल्या ऑफिसच्या खात्याला, येईल त्या आमंत्रणाला हो म्हणायला शिकवून ठेवलं होतं. कोणाला नाही म्हणणं त्यांना बरं वाटत नसे. (संगणक त्यांनी सकाळीच मनुष्यबळ विभागात जमा केला होता. आमंत्रण स्वीकारायला काकांची गरज नव्हती, आणि सहा वाजता खातंच बंद झालं.)

संध्याकाळी काकांनी सगळ्यांशी हात मिळवले. तक्तेसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जेवायचं राहिलंच बघ."

तक्तेसाहेबांनी डोळा मिचकावला. "काका, कॅलेंडर बघत राहा हं!"

"हो हो," काका म्हणाले, आणि जिन्याने खाली उतरून गेले.

सोमवारचं जेवण अप्रतिम झालं, हे कोणालाही मान्य करावं लागेल. एक वाजता अकरा जण सलग टेबलाभोवती बसले. बारावी खुर्ची मध्यभागी, तिच्यासमोर फुलं. सव्वा वाजेपर्यंत सगळे काकांची वाट बघत होते. मग टेस्टरने ऑफिसच्या गप्पांच्या ॲपवर त्यांना निरोप टाकला. 'असा वापरकर्ता अस्तित्वात नाही' असं उत्तर आलं. यासाठी काय करायचं ते बघायला तक्तेसाहेबांनी धोक्यांची यादी काढली. तीत तेवीस धोके होते. लिफ्ट बंद पडणं होतं, भूकंप होता, डाएटवाल्याने आयत्या वेळी मत बदलणं होतं. ज्याचं जेवण तोच नसेल, हा धोका कोणाला सुचलाच नव्हता.

परंतु कॅलेंडरवर काकांनी आमंत्रण स्वीकारलेलं दिसत होतं, म्हणजे नोंदीप्रमाणे ते हजर होते. टेबल दीड तासच मिळालं होतं. तेव्हा कार्यक्रम सुरू झाला. डेटाबेसवालीने खुर्चीकडे बघून चार भावपूर्ण शब्द सांगितले. टेस्टरने काकांच्या आठवणी सांगायला तोंड उघडलं, पण काकांबरोबर कधी बसल्याची आठवणच येईना, म्हणून तो जुन्या प्रणालीविषयी बोलला. भेटवस्तू खुर्चीवर ठेवण्यात आली : आजूबाजूचं काहीही ऐकू येऊ न देणारे उंची हेडफोन. मग फोटो. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना माणसं, मध्ये फुलं. हा फोटो बघून कंपनीतल्या इतर मजल्यांवरून काका केव्हा गेले म्हणून हळहळ व्यक्त करणारे सात संदेश आले.

जेवणानंतर अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला. सरासरी ४.८. 'काय आवडलं?' या प्रश्नाला दोघांनी 'निवांतपणा' असं लिहिलं. एक फॉर्म भरायचा राहिला होता आणि त्याबद्दल काकांच्या बंद खात्याला दर सहा तासांनी आठवण जात राहिली.

तक्तेसाहेब घरी आले ते पडक्या चेहऱ्याने. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे बैल गेला नि झोपा केला," ती म्हणाली. "बरं, फोन केलास का त्यांना?"

तक्तेसाहेबांनी फोन काढला. काकांचं नाव शोधलं. पुन्हा शोधलं. अकरा वर्षं हा माणूस त्यांच्या डाव्या हाताला सात फुटांवर बसत होता, त्याचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तो घ्यायची वेळच आली नव्हती. काकांना फोन करून शोधावं लागलं असं कधी झालंच नव्हतं. तक्तेसाहेबांनी टीमच्या दहाही जणांना विचारलं. कोणाकडेच नव्हता.

मंगळवारी बारा चाळीसला तक्तेसाहेब उठले, टीमकडे बघून काहीतरी विचारणार होते, पण सगळ्यांच्या कानांत हेडफोन होते. ते एकटेच कँटीनमध्ये गेले. खिडकीशेजारचं टेबल रिकामं होतं. त्यांनी सूप मागितलं.

"तुम्ही पाचव्या मजल्यावरचे ना?" कँटीनच्या मावशींनी वाटी ठेवत विचारलं. "शुक्रवारी आला नाहीत मग?"

"शुक्रवारी?"

"अहो, तीन टेबलं जोडली काकांनी. मी म्हटलं, थांबा, मी ओढते, तर नको म्हणाले, माझी पोरं यायचीत. खुर्च्या मोजून लावल्या बारा. कोण कुठे बसणार तेसुद्धा ठरवलेलं. तुमचे ते एक डाएटवाले आहेत ना, त्यांच्यासाठी बिनमिठाचं सूप वेगळं काढायला लावलं. दोनदा गरम केलं मी."

"किती वेळ बसले?"

"सव्वादोनपर्यंत. मग म्हणाले, मीटिंग लांबली असेल, कामाची माणसं आहेत. टेबलं पुन्हा जागच्या जागी लावून गेले. जेवले नाहीत."

आपण तीन आठवडे खपलो आणि त्या माणसाने मागितलेली एकच गोष्ट, जी पाच मजले खाली होती, ती तेवढी दिली नाही, हे तक्तेसाहेबांना स्वच्छ दिसलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी की काहीतरी ताबडतोब केल्याशिवाय बसवेना. म्हणून त्यांनी ॲप उघडून कँटीनची नोंद केली आणि पाच स्टार दिले. आणखी दोनशे नव्याण्णव मिळाले की ही जागा निकषांत बसणार होती.

"मावशी, काकांचा नंबर कोणाकडे मिळेल हो?"

"हा काय," मावशी म्हणाल्या. नंबर भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला होता. आजारी असले तर सूप नको म्हणून कळवायला त्यांनीच दिला होता.

तक्तेसाहेबांनी तिथेच फोन लावला. दुसऱ्या घंटीला काकांनी उचलला.

"अरे, बोल बोल! सगळे ग्राहक आहेत ना जागेवर?"

"आहेत काका." तक्तेसाहेबांनी वाटी बाजूला सारली. "काका, शुक्रवारी... चुकलंच माझं. खरंच चुकलं. माफ करा."

"अरे, त्यात काय एवढं? होतं असं."

"आपण जेवू या काका. सगळे. तुम्ही म्हणाल तिथे. कधी जमेल तुम्हाला?"

"मला काय रे आता? केव्हाही या. उद्या या. घरी या, नाहीतर मी येतो तिथे खाली, मावशींकडे. तू एकटा आलास तरी चालेल. केव्हाही."

आता, 'केव्हाही' ही तारीख नाही. ते तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. शिवाय उद्या म्हणजे फारच उद्या होतं. आणि एकट्याने जाणं म्हणजे बाकीच्या दहा जणांवर अन्याय. यावेळी काकांच्या बाबतीत कसलीही कसर राहता कामा नये, हे तक्तेसाहेबांनी भरल्या डोळ्यांनी ठरवलं.

"काका, मी जरा टीमला विचारून कळवतो," ते म्हणाले. "पाच मिनिटांत."

वर जाऊन त्यांनी चौदा तारखांचं मतदान सुरू केलं. ते अजून चालू आहे. नऊ जणांनी मत दिलं आहे, टेस्टर रजेवर आहे आणि डाएटवाला विचार करतो आहे. काकांनी मध्यंतरी एकदा फोन करून 'काय रे, जमतंय का?' असं विचारलं होतं. त्यांना विषय अंतिम टप्प्यात असल्याचं सांगण्यात आलं. या गोष्टीला चार महिने झाले.

तर, वाचकहो, तक्तेसाहेबांना हसून झालं असेल तर एक किरकोळ बाब राहिली. 'एकदा निवांत जेवायला भेटू या' असं तुम्ही कोणाला तरी म्हणाला आहात, आणि तो 'केव्हाही' म्हणाला आहे. तो माणूस आत्ता तुमच्या डोळ्यांपुढे आलाच असेल. (एकापेक्षा जास्त आले असतील तर तक्ता करावा.) तुम्ही काही तक्तेसाहेब नाही. तुम्हाला चुटपूट लागेल, हे पान मिटून तुम्ही लगेच फोन हातात घ्याल, आजच काय तो दिवस ठरवायचा म्हणाल. फक्त त्याचा नंबर लावण्याआधी, इतक्या दिवसांनी भेटायचं तर जागा जरा बरी असावी म्हणून, तुम्ही आधी स्टार बघाल.